प्युरिटन साहित्य कसे वाचावे: श्रद्धेचा माग वाक्यातून काढण्याची पद्धत

अमेरिकन साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सतराव्या शतकातील न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील इंग्रजी वसाहतींचा प्रदेश, बहुधा पहिल्याच घटकात येते आणि अनेक विद्यार्थ्यांचा उत्साह तेथेच मावळतो. प्रवचने, रोजनिशा, वसाहतींचे इतिहास, स्तोत्रे आणि चिंतनपर कविता असा हा ऐवज आहे. त्यात कादंबरी नाही, नाटकही नाही. परीक्षेच्या पुस्तकांत एका पानावर प्युरिटनांच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड शुद्ध करू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या, श्रद्धांची यादी आणि दुसऱ्या पानावर शैलीची वैशिष्ट्ये दिलेली असतात. विद्यार्थी दोन्ही याद्या पाठ करतो आणि मूळ लेखन न उघडताच उत्तर लिहितो. या साहित्यावर सर्वांत मोठा अन्याय या विभागणीमुळे होतो, असे मला ठामपणे वाटते. प्युरिटन लेखकाची श्रद्धा त्याच्या शैलीपासून वेगळी काढता येत नाही. ती वाक्याचा कर्ता कोण, उपमा कोठून आली, कोणता तपशील नोंदला आणि कोणता गाळला, यांतच उतरलेली असते. म्हणून या लेखात वाचनाची जी पद्धत मांडली आहे, तिचा सारा भर श्रद्धेचा माग वाक्यातून काढण्यावर आहे.

वाचनाआधीची तयारी

प्रथम दोन गट वेगळे ओळखावेत. 1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजातून 102 प्रवासी निघाले आणि त्यांनी प्लिमथची वसाहत उभारली. त्यांच्यातील धर्मनिष्ठ गाभा विभक्ततावाद्यांचा होता. चर्च ऑफ इंग्लंड सुधारण्यापलीकडे गेले आहे असे मानून त्यांनी त्याच्याशी संबंध तोडला होता आणि आधी काही वर्षे हॉलंडमधील लायडन येथे आश्रय घेतला होता. 1630 मध्ये जॉन विन्थ्रप याच्या नेतृत्वाखाली आलेला, मॅसॅच्युसेट्स बे वसाहत वसवणारा समूह कितीतरी मोठा, अधिक सधन आणि अधिक शिकलेला होता. त्याने मूळ चर्चशी नाते औपचारिकपणे तोडले नव्हते, त्याला ते आतून शुद्ध करायचे होते. प्लिमथचा गव्हर्नर आणि इतिहासकार विल्यम ब्रॅडफर्ड पहिल्या गटाचा, विन्थ्रप दुसऱ्याचा. ब्रॅडफर्डच्या गद्यातील एकाकीपण आणि विन्थ्रपच्या गद्यातील राज्यकर्त्याचा सूर यांचे मूळ बऱ्याच अंशी या फरकात आहे.

दुसरी गोष्ट तारखांची. त्या काळी इंग्रजी जगात नवे वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. त्यामुळे बंदिवासाची हकीकत लिहिणारी मेरी रोलँडसन आपल्या गावावरील फेब्रुवारीतल्या हल्ल्याचे वर्ष 1675 असे देते, तर आजची पुस्तके त्याच फेब्रुवारीला 1676 म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत, आणि एवढ्याशा माहितीने बराच गोंधळ टळतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची तयारी म्हणजे पवित्र शास्त्र हाताशी ठेवणे. मराठी भाषांतर चालेल. संदर्भ मिळाला की काम होते. प्युरिटन लेखक शास्त्रवचने सजावटीसाठी वापरत नाही. जुन्या करारातील व्यक्ती आणि घटना या पुढे घडणाऱ्या गोष्टींची पूर्वचिन्हे आहेत, असे तो मानतो. मिसरातून निघालेले इस्राएल आणि इंग्लंडमधून निघालेला आपला समूह एकाच ईश्वरी आराखड्यात बसतात, असा त्याचा विश्वास असतो. त्यामुळे संदर्भ न उघडता वाचले तर वाक्याचा निम्मा अर्थ हातून निसटतो. केप कॉडच्या किनाऱ्यावर पोहोचल्याच्या प्रसंगी ब्रॅडफर्ड म्हणतो की, या लोकांना पिस्गाच्या शिखरावर चढून अधिक रम्य देश पाहण्याचीही सोय नव्हती. ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 34वा अध्याय उघडला की कळते, मोशेला निदान वचनदत्त देश दुरून पाहायला मिळाला होता. यांच्यासमोर मात्र हिवाळा आणि रान एवढेच होते. ब्रॅडफर्ड आपल्या माणसांची तुलना इस्राएलाशी करतो आणि त्याच क्षणी त्यांची अवस्था त्याहून कठीण होती असेही सांगतो.

श्रद्धा पाठ न करता प्रश्न म्हणून वापराव्यात

सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या विचारपरंपरेतील जी सूत्रे 1618-19 च्या, नेदरलँड्समधील डॉर्ट येथील धर्मसभेत ठाम झाली, ती सर्व येथे उलगडण्याची गरज नाही. वाचकाला मुख्यत्वे चार गोष्टी लागतात. आदामाच्या पतनामुळे माणूस जन्मतःच पापी आहे. तारण कोणाचे होणार हे देवाने सृष्टीच्या आधीच ठरवले आहे आणि माणसाच्या सत्कर्मांनी ते विकत घेता येत नाही. देव आणि त्याचे लोक यांच्यात करार आहे. व्यक्तीशी कृपेचा आणि समाजाशी आचरणाचा. आणि जगात काहीही योगायोगाने घडत नाही, प्रत्येक घटनेमागे देवाचा हात असतो.

यांतली दुसरी गोष्ट नीट समजली पाहिजे, कारण या साहित्याची सारी अस्वस्थता तिच्यातून येते. निवड झालेली आहे, पण माझी झाली आहे का, हे निश्चित कळण्याचा मार्ग नाही. म्हणून माणूस स्वतःच्या मनाची सतत तपासणी करतो. रोजनिशी, आत्मपरीक्षण आणि कृपेच्या अनुभवाचे कथन हे लेखनप्रकार न्यू इंग्लंडमध्ये इतके फोफावले, त्याचे कारण हेच. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चचे पूर्ण सभासदत्व मिळवण्यासाठी मंडळीसमोर आपल्या परिवर्तनाची हकीकत सांगावी लागे. पुढच्या पिढीतील अनेकांना तशी हकीकत सांगता येईना, तेव्हा 1662 मध्ये ‘अर्ध्या वाटेचा करार’ म्हणून ओळखली जाणारी तडजोड काढावी लागली. त्याच वर्षी मायकेल विगल्सवर्थ याचे अंतिम न्यायदिनावरील 224 कडव्यांचे काव्य प्रसिद्ध झाले आणि ते घराघरांत पाठ केले जाऊ लागले. पाप करण्याआधीच मरण पावलेली अर्भकेही त्यात दोषी ठरतात. त्यांना फक्त नरकातील सर्वांत सुसह्य खोली मिळते. हे कडवे क्रूर वाटते, पण सिद्धांताचे टोक आणि माणसाची दया यांची ओढाताण त्या ‘सुसह्य खोली’तच दिसते. वाचताना अशा जागांवर खूण करावी.

या चार श्रद्धांचे चार प्रश्न करून प्रत्येक उताऱ्याला विचारावेत: येथे लेखक स्वतःला कोठे दोषी धरतो? आपली निवड झाली आहे याची खूण तो कोठे शोधतो? कोणता करार पाळला किंवा मोडला जात आहे? आणि या घटनेमागे देवाचा कोणता हेतू आहे असे त्याला वाटते? चारही प्रश्नांना उत्तर मिळेलच असे नाही. ज्या प्रश्नाला उतारा सर्वांत जोरदार उत्तर देतो, तेथून विवेचन सुरू करावे.

साध्या शैलीचे व्याकरण

‘प्युरिटन शैली साधी असते’ हे विधान प्रत्येक उत्तरपत्रिकेत असते, पण साधी म्हणजे काय, हे क्वचितच सांगितले जाते. 1640 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे छापलेले स्तोत्रांचे पुस्तक हे इंग्रजी वसाहतींत छापलेले पहिले पुस्तक मानले जाते. देवाच्या वेदीला आमच्या पॉलिशची गरज नाही, असे त्याच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. ब्रॅडफर्डही आपल्या इतिहासाच्या आरंभी साध्या शैलीचे आणि साध्या सत्याचे वचन देतो. सजावट श्रोत्याचे लक्ष वक्त्याकडे वळवते, आणि वचनाने थेट काळजात पोहोचले पाहिजे, हे त्यामागचे कारण. साधेपणा ही आवडनिवड नव्हती. त्यात अहंकाराला आवर घालण्याची शिस्त होती.

ती शिस्त वाक्यात कशी दिसते, हे ब्रॅडफर्डच्या नवव्या प्रकरणातील दोन प्रसंगांवरून शिकता येते. मेफ्लॉवरवरील एक उद्धट तरुण खलाशी आजारी प्रवाशांना शिव्या देत असे आणि त्यांच्यातील निम्म्यांना समुद्रात टाकण्याची आशा बोलून दाखवत असे. निम्मा समुद्र ओलांडण्याआधी तोच आजाराने मेला आणि सर्वांत आधी त्याचेच प्रेत पाण्यात टाकले गेले. थोड्याच पुढे जॉन हाउलंड हा तरुण वादळात जहाजावरून फेकला जातो, पण बाहेर लोंबणारा शिडाचा दोर त्याच्या हाती लागतो आणि तो वाचतो. ब्रॅडफर्ड दोन्ही प्रसंगी जवळजवळ एकच शब्दयोजना करतो: देवाची तशी मर्जी झाली. खलाशाच्या मृत्यूमागे जी इच्छा, तीच दोर हाती लागण्यामागे. सारे तपशील रोखठोक आणि खलाशी जीवनातले आहेत, पण क्रियेचा खरा धनी प्रत्येक वेळी देव आहे. विद्यार्थ्याने पेन्सिल घेऊन एका पानावरील वाक्यांचे कर्ते अधोरेखित करावेत. ईश्वरी योजनेवरील श्रद्धेचा याहून भक्कम पुरावा मिळणार नाही.

प्रवचन वाचताना त्याचा सांगाडा आधी उघडा करावा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम पर्किन्स याच्यासारख्या इंग्लिश धर्मशास्त्र्यांनी रुळवलेला क्रम असा: प्रथम वचन आणि त्याचे स्पष्टीकरण, मग त्यातून निघणारा सिद्धांत, त्याची कारणे आणि शेवटी श्रोत्यांच्या आयुष्याला लागू होणारा उपयोग. जोनाथन एडवर्ड्सने 8 जुलै 1741 रोजी, आज कनेक्टिकटमध्ये असलेल्या एनफिल्ड येथे दिलेले संतप्त देवाविषयीचे प्रवचन प्युरिटन युगाच्या खूप उत्तरार्धातले, खरे तर त्या वारशातले आहे. तरी त्याचा सांगाडा हाच आहे. ‘अनुवाद’ 32:35 मधील पाय घसरण्याचे वचन, त्यावरून एक सिद्धांत, मग क्रमांक घातलेले दहा मुद्दे आणि शेवटी दीर्घ उपयोग. संकलनांत बहुधा अग्नीवर धरलेल्या कोळी या किड्याचा उताराच छापतात आणि वाचकाला वाटते की हा केवळ भीतीचा पाऊस आहे. पूर्ण प्रवचन वाचले की दिसते, पहिल्या भागातील भाषा बरीचशी तर्काची आणि तृतीयपुरुषी आहे. उपयोगाच्या भागात ती ‘तुम्ही’वर येते आणि तेथून प्रतिमांचा वेग वाढतो. त्याच भागाच्या अखेरीस कृपेचे दार सताड उघडे असल्याचेही एडवर्ड्स सांगतो. सर्वनाम कोठे बदलते, ती ओळ शोधणे हा या प्रवचनाच्या वाचनातील सर्वांत उपयोगी व्यायाम आहे.

साधी शैली म्हणजे प्रतिमांचा दुष्काळ नव्हे, हे एडवर्ड टेलर या सीमेवरील वेस्टफील्ड गावच्या पाळकाकडून शिकावे. त्याचे हस्तलिखित काव्य 1937 मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडेपर्यंत वाचकांना जवळजवळ अज्ञात होते. एका प्रसिद्ध कवितेत तो देवाला विनवतो की मला तुझे सूत काढण्याचे चाक कर. शास्त्रवचन ही लोकर धरणारी काठी व्हावी, आत्मा सूत गुंडाळणारी कांडी व्हावा, मग मलाच माग कर, त्यावर वस्त्र विण आणि ते मला नेसव. प्रतिमा गुंतागुंतीची असली तरी तिची सामग्री प्रत्येक गृहिणीच्या हाताखालची आहे. आणि सर्व क्रियापदे देवाकडे सोपवलेली आहेत; माणूस येथे अवजार आहे. कृपा मिळवता येत नाही, ती फक्त स्वीकारता येते, हा सिद्धांत येथे एकाही सैद्धांतिक शब्दाविना उभा राहतो.

ताणाच्या जागा

आतापर्यंतची पद्धत श्रद्धा कोठे दिसते हे सांगते. परंतु या साहित्यातील श्रेष्ठ लेखन तेथे आहे, जेथे श्रद्धा आणि अनुभव एकमेकांवर ताण देतात. त्यासाठी मी दोन कलाकृती प्रत्येक वाचकाला आग्रहाने सुचवीन.

पहिली, ॲन ब्रॅडस्ट्रीटची 10 जुलै 1666 रोजी जळालेल्या घराविषयीची कविता. रात्री आरोळ्यांनी जाग येते, घर जळताना दिसते आणि ती देणाऱ्या व घेणाऱ्या देवाचे नाव धन्य म्हणते. येथे ‘ईयोब’ 1:21 उघडावे. सारे त्याचेच होते, माझे नव्हते, अशी कबुलीही ती देते. सिद्धांताच्या दृष्टीने कविता येथे संपायला हवी होती. ती संपत नाही. पुढे ती अवशेषांजवळून जाताना येथे ती ट्रंक होती, तेथे ती पेटी, असे बोट दाखवत राहते. आता या छपराखाली पाहुणा बसणार नाही, मेज मांडले जाणार नाही, दिवा लागणार नाही, असे नकारांमागून नकार येतात. मग ‘उपदेशक’ पुस्तकातील ‘सर्व व्यर्थ’ हा उद्गार येतो, ती स्वतःच्या मनाची कानउघाडणी करते आणि स्वर्गातील घराकडे वळते. शेवटच्या ओळींत ती प्रार्थना करते की या जगावर मला आणखी प्रेम करू देऊ नकोस.

ही विनंती नीट ऐकावी. ज्याचे प्रेम आटले आहे त्याला अशी प्रार्थना करावी लागत नाही. काही अभ्यासक या कवितेत बंडखोरी शोधतात आणि काही केवळ शरणागती. दोन्ही वाचने मला अपुरी वाटतात. आसक्ती ओळखणे, तिला नाव देणे आणि तिच्याशी झगडणे हीच प्युरिटन साधना होती. पेटी आणि मेज यांचा उल्लेख जितका हळवा, तितका तो झगडा प्रामाणिक. ब्रॅडस्ट्रीटची सोप्या यमकांची जोडकडवीही या दृष्टीने वाचावीत: नकारांच्या ओळींत लय कशी रेंगाळते आणि कानउघाडणीच्या ओळीत ती कशी पुन्हा सावरते, हे मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसरी, रोलँडसनची 1682 मध्ये छापलेली बंदिवासाची हकीकत. मेटाकॉम, म्हणजे इंग्रजांनी फिलिप म्हटलेल्या वाम्पानोआग या मूळनिवासी जमातीच्या प्रमुखाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युद्धात लँकेस्टर गावावर हल्ला झाला. जखमी मुलगी कुशीत घेऊन ती बंदिवान झाली. काही दिवसांतच ती सहा वर्षांची मुलगी मरण पावली. अकरा आठवड्यांच्या भटकंतीची तिने वीस मुक्कामांत विभागणी केली आहे आणि बहुतेक मुक्कामांना शास्त्रवचनाचा आधार जोडला आहे. आपल्याला पकडणाऱ्यांसाठी ती कठोर, सैतानी विशेषणे वापरते. देवाने आपल्या लोकांना शिक्षा करण्यासाठी त्यांना शिल्लक ठेवले आहे, हा तिचा निष्कर्ष आहे. पण तपशील वेगळेच सांगतात. फिलिप तिला आपल्या मुलासाठी सदरा शिवायला सांगतो आणि एक शिलिंग देतो. टोपी शिवल्यावर जेवायला बोलावतो, आणि अस्वलाच्या चरबीत तळलेली, दोन बोटांएवढी गव्हाची चकती खाऊन याहून रुचकर काही कधी खाल्ले नाही, असे ती लिहिते. वाचकाने वहीत दोन रकाने करावेत: एका बाजूला तिची विशेषणे, दुसऱ्या बाजूला तिने नोंदलेली कृत्ये. दोहोंमधील अंतर हेच या पुस्तकाचे मर्म आहे, आणि ते आपल्याला दिसते याचे श्रेयही साध्या शैलीलाच द्यावे लागते. घडले ते नोंदायचे, या शिस्तीने तिच्या निष्कर्षांना न मानवणारे सत्यही नोंदवून ठेवले.

हीच कसोटी कठोरपणेही लावली पाहिजे. 1637 मध्ये मिस्टिक येथे पेक्वॉट या मूळनिवासी लोकांची वस्ती इंग्रजांनी आत माणसे असताना जाळली. ब्रॅडफर्ड ते दृश्य भयंकर होते असे म्हणतो आणि लगेच त्या विजयाला सुगंधी यज्ञाची उपमा देतो. ही भाषा ‘लेवीय’ पुस्तकातील होमांची आहे. जी पूर्वचिन्हांची पद्धत दुबळ्या प्रवाशांना धीर देते, तीच येथे कत्तलीला पावित्र्य देते. प्युरिटन शैलीविषयी लिहिताना हा उतारा टाळणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय.

उत्तर किंवा निबंध लिहिताना

विन्थ्रपच्या प्रवचनातील ‘डोंगरावरील नगरा’चा उल्लेख करायचा असेल तर ‘मत्तय’ 5:14 सोबत त्याच्या पुढचे वाक्यही द्यावे. सर्वांचे डोळे आपल्यावर आहेत आणि करार मोडला तर आपण जगात निंदेचा विषय होऊ, असा तो इशारा आहे. अमेरिकन राजकारणातील भाषणांनी त्याला अभिमानाचा सूर दिला; मूळ मजकूर 1838 पर्यंत छापलाही गेला नव्हता.

नाथानिएल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या 1850 च्या कादंबरीवरून किंवा आर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’ या 1953 च्या नाटकावरून प्युरिटनांविषयी विधाने करू नयेत. त्या पुढच्या काळाच्या कलाकृती आहेत आणि आपापल्या काळाशी बोलतात. सेलमच्या 1692 च्या चेटूकविषयक खटल्यांविषयी लिहायचे असेल तर त्या न्यायालयातील एक न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल याची रोजनिशी वाचावी. त्याने 1697 मध्ये मंडळीसमोर उभे राहून आपल्या दोषाची जाहीर कबुली दिली आणि 1700 मध्ये गुलामगिरीविरुद्ध पत्रक छापले. आत्मपरीक्षणाची सवय व्यवहारात काय करवते, याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

मराठी वाचकासाठी एक संबंध नोंदवण्याजोगा आहे. 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू करणारे, पुढे 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ काढणारे अमेरिकन मिशनरी ज्या संस्थेने पाठवले, ती मॅसॅच्युसेट्सच्या त्याच मंडळ्यांच्या परंपरेतून निघाली होती. आत्मपरीक्षण आणि परिवर्तनाची हकीकत हे प्रकार एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखनात दिसले, तर तुलनेसाठी ही वाट खुली आहे.

वाचनाचा क्रम मी असा सुचवीन: आधी रोलँडसन, कारण कथेचा ओघ वाचकाला धरून ठेवतो, मग ब्रॅडस्ट्रीटच्या चार-पाच कविता, त्यानंतर ब्रॅडफर्डचे नववे प्रकरण, विन्थ्रपचे प्रवचन, टेलर आणि शेवटी एडवर्ड्स. कॉटन मॅदरचा 1702 चा प्रचंड चर्च-इतिहास एखाद्या चरित्रापुरता पाहावा; लॅटिन-ग्रीक अवतरणांनी भरलेले ते गद्य साध्या शैलीच्या नियमाला मोठा अपवाद आहे आणि नियम नीट कळल्यावरच त्याची मौज येते. पहिल्या वाचनासाठी आधुनिक वर्णलेखनाची आवृत्ती घ्यावी, पण ज्या उताऱ्यावर लिहायचे तो मूळ वर्णलेखनात एकदा तरी पाहावा. प्रत्येक लेखकाच्या एकाच परिच्छेदावर एक पानभर टिपण लिहावे: कर्ता कोण, शास्त्रवचन कोणते, सर्वनाम कोठे बदलले, विशेषण आणि तपशील कोठे फटकून वागतात. अशी सहा टिपणे हाती आली की श्रद्धा आणि शैली यांवरचे उत्तर त्यांतूनच जुळवता येते, आणि त्यात प्रत्येक विधानामागे मूळ ओळ उभी असते.